घडा कोण घडवतो?

व्यापाऱ्याच्या घरात वाढणाऱ्या मुलाला वस्तूचा भाव लवकर कळतो. खरेदी किती, विक्री किती आणि मधला नफा किती, हे गणित त्याला शाळेच्या आधी दुकानाच्या गादीवर शिकायला मिळते. परंतु ती वस्तू घडते कशी, तिच्यात किती दिवस, किती हात आणि किती नुकसान मुरलेले असते, हे पाहण्याचा योग त्याला क्वचितच येतो. पाचोऱ्याच्या मुलांना कापसाच्या गाड्या येताना आणि गाठी जाताना दिसतात. अखाजीला दारात नवी घागर आलेलीही दिसते. घागरीमागचा कुंभार मात्र दिसत नाही. म्हणूनच सुट्टीतील एक दिवस एखाद्या चालत्या कुंभारशाळेत घालवणे हे सहलीइतकेच शिक्षणही ठरते.

जैन कुटुंबांच्या सुदैवाने असे एक स्थान तीर्थयात्रेच्या वाटेवरच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती हे स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथांचे तीर्थ म्हणून सर्वपरिचित आहे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाच्या व्यवस्थापकांना विसाव्या शतकाच्या आरंभी स्वप्नात दृष्टांत झाला आणि त्यातून या विस्मृत तीर्थाचा शोध लागला, अशी परंपरा आहे. पाचोऱ्याहून भुसावळमार्गे वर्धा गाठावे, तेथून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गाने निघावे, म्हणजे वरोऱ्यानंतर भांदक स्थानक येते. भद्रावतीचे स्थानक तेच. यात्रेकरू दर्शन-पूजा करतात, भोजनशाळेत जेवतात आणि परततात. याच गावात १९५५ साली स्थापन झालेला ग्रामोदय संघ आहे, याची मात्र अनेकांना कल्पना नसते.

संघाचे संस्थापक कृष्णमूर्ती मिरमिरा हे गांधीविचाराचे कार्यकर्ते होते. १९३४ साली महात्मा गांधींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची घडी बसवली. खेड्यातील कारागिराने परंपरागत कौशल्य सोडू नये, मात्र त्याच्या हाती सुधारलेले साधन आणि शास्त्र यावे, हा त्या चळवळीचा गाभा. भद्रावतीचा ग्रामोदय संघ त्याच परंपरेतला. साध्या तांबड्या मडक्यांपुरते न थांबता उच्च तापमानाला भाजलेली, झिलई दिलेली दगडी भांडी घडवण्याचे शिक्षण येथे दिले गेले. जिल्हा कोळशाचा, आणि कोळशाच्या थरांलगत अग्निरोधक माती सापडते, हा भूगर्भशास्त्राचा परिचित अनुभव. कच्चा माल आणि विचार अशा रीतीने एकाच परिसरात भेटले.

चाकावरचे काम पाहताना मुले प्रथम थक्क होतात ती वेगाने. मातीचा गोळा मध्यभागी स्थिरावतो, दोन अंगठे आत शिरतात आणि काही मिनिटांत भिंत वर चढते. त्यामुळे कुंभाराचे काम झटपट होते, असा समज होण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात चाकाचा वेळ सर्वांत थोडा. त्याआधी माती भिजवणे, गाळणे आणि हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून मळणे. त्यानंतर सावलीत सावकाश वाळवणे. वाळताना व भाजताना भांडे साधारण दहाव्या हिश्श्याने आकसते. एक बाजू लवकर वाळली तर तडा जातो. भट्टीत ओलावा राहिला तर वाफेने भांडे फुटते. सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला मातीतील गारगोटीच्या कणांचे आकारमान अकस्मात बदलते. तेथे घाई केली, तर चढत्या किंवा उतरत्या तापमानात भांडे चिरते. तांबडे मडके हजार अंशांच्या आतबाहेर पक्के होते. दगडी भांड्याला बाराशेच्या वर जावे लागते. भट्टी विझल्यावरही ती थंड होईपर्यंत दार उघडता येत नाही.

व्यापारी पालकांनी मुलांना येथे एक गणित घालावे. समजा, शंभर भांडी भट्टीत गेली आणि दहा तडकली. माती, सरपण व मजुरी शंभरांची लागली, विक्री नव्वदांची. शिवाय भट्टी उघडेपर्यंत कोणती दहा तडकणार, हे खुद्द कारागिरालाही माहीत नाही. कापडाच्या ठाणावर किंवा धान्याच्या पोत्यावर तारण म्हणून कर्ज मिळते. न भाजलेल्या मडक्यावर कोण देणार? ते पावसाच्या एका सरीने पुन्हा चिखल होते. कारागिराचे सर्व भांडवल अग्नीतून पार पडेपर्यंत असे निराधार असते. अखाजीच्या घागरीसाठी वीस रुपयांची घासाघीस करताना ही बाजू ध्यानात असली, तर बोलण्याचा स्वर आपोआप बदलतो.

जैन आगमांत कुंभारकामाला स्थान नाही असे नाही. उलट ते फार वरचे आहे. अग्नी प्रकट झाला तेव्हा लोकांना अन्न शिजवता येईना, धान्य जळून जाई. त्या वेळी ऋषभदेवांनी हत्तीच्या गंडस्थळावर ओल्या मातीचे पात्र घडवून दाखवले आणि कुंभारकाम हे पहिले शिल्प ठरले, अशी कथा आहे. कलश अष्टमंगलांत आहे, तीर्थंकरमातेच्या स्वप्नांत आहे, आणि एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचे लांछनही तोच आहे.

त्याहून बोलकी कथा उपासकदशांग सूत्रातील सद्दालपुत्राची. भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांत गणला गेलेला हा पोलासपूरचा कुंभार. नगराबाहेर त्याच्या पाचशे कुंभारशाळा होत्या. त्याच्या तीन कोटी सुवर्णमुद्रांपैकी एक कोटी ठेव म्हणून राखलेली, एक कोटी व्यापारात गुंतवलेली आणि एक कोटी घरसंसारात होती, असा हिशेब सूत्र देते. आजच्या व्यापाऱ्यालाही ही विभागणी अनुकरणीय वाटावी. तो प्रथम आजीवक मताचा, म्हणजे सर्व काही नियतीने ठरलेले आहे असे मानणारा होता. भगवंतांनी उन्हात वाळणारी त्याची मडकी पाहून विचारले, की ही प्रयत्नाने घडतात की प्रयत्नावाचून? तो उत्तरला, प्रयत्नावाचून. सारे नियत आहे. तेव्हा भगवंतांनी पुन्हा विचारले, की कोणी ही मडकी चोरली वा फोडली तर तू काय करशील? शासन करीन, असे तो म्हणाला. सर्व नियतच असेल, तर फोडणाऱ्याचा अपराध कोणता? या एका प्रश्नाने सद्दालपुत्राचे मत बदलले.

हा प्रश्न आजच्या पेढीवरही तितकाच लागू आहे. ऑनलाइन विक्री आली, मॉल आले, आता दुकानाचे दिवस भरले, असे म्हणून हात जोडून बसणारी तरुण पिढी सद्दालपुत्राच्या पूर्वीच्या मताचीच म्हणावी लागेल. प्लॅस्टिक आले, स्टील आले, शीतकपाट आले, तरीही भद्रावतीत चाक फिरत राहिले, ते दैवाने नव्हे. माती बदलली, भट्टी बदलली, झिलई शिकली, तेव्हा ते टिकले. प्रयत्न केल्याने प्रत्येक मडके वाचतेच असे नाही. परंतु प्रयत्नावाचून एकही घडत नाही.

एक शंका श्रद्धाळू मनात येईल. मातीत पृथ्वीकाय जीव, भट्टीत अग्निकाय जीव; शास्त्राने पंधरा कर्मादानांत अंगारकर्म वर्ज्य सांगितले आहे. मग अशा स्थळी कौतुकाने जावे काय? शंका योग्यच आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. परंतु करणे, करवणे आणि अनुमोदन या तिन्हींचा विचार शास्त्रच करते. घडा वापरणाऱ्याने दोषाचा भार एकट्या घडवणाऱ्यावर टाकणे न्याय्य नव्हे. लोणच्याची बरणी, पाण्याचा माठ, अखाजीची घागर प्रत्येक घरात असते. विवेकी श्रावकाने गरजेपुरते घ्यावे, जपून वापरावे आणि वर्षानुवर्षे टिकवावे. परिग्रहपरिमाणाचा पाठ याहून सोपा कोणता?

भद्रावतीला जाणाऱ्या कुटुंबाने सकाळी दर्शन-पूजा आटोपून दुपार कुंभारशाळेसाठी राखावी. काम चालू आहे काय, याची आधी चौकशी करावी. मांडलेल्या कच्च्या भांड्यांना मुलांनी हात लावू नये. कारागिराच्या कामात व्यत्यय न आणता प्रश्न विचारावेत. परवानगी मिळाल्यास एकदा चाकावर बसावे. गोळा हातातून निसटेल, भिंत कोसळेल. तसे झाले तरी ते उत्तमच. निघताना एखादे भांडे सांगितल्या किमतीला विकत घ्यावे. घरी ते रोजच्या वापरात ठेवावे, काचेच्या कपाटात नव्हे. आणि पुढच्या अखाजीला घागर घ्यायला मुलांनाच पाठवावे.