उंदीर, विष आणि आम्ही चाकरमानी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी उंदरांच्या बाजूचा नाही. गादीचा कापूस, काजूबियांचं पोतं, मिक्सरची वायर आणि आजीच्या हातची एक गोधडी, असा त्यांच्याकडे माझा बराच हिशेब बाकी आहे. चापात सापडलेला उंदीर काढून टाकताना मला वाईट वगैरे वाटत नाही. तरीही आमच्या आचऱ्याकडच्या घरात विष ठेवायला माझा विरोध आहे. का, ते एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण फोनवर हा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला भांडण होतं.

तर झालंय असं. घर सामायिक. जमिनीच्या सातबाऱ्यावर नावं किती ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. अर्धी मंडळी ठाणे-डोंबिवलीत, थोडी पुण्यात, एक दुबईत. घर चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं. पुढे खळं, मागे मांगर, भोवती माड. चवथीला आठ दिवस आणि मे महिन्यात दहा-बारा दिवस ते उघडतं. बाकी कुलूप, आणि किल्ली शेजारच्या काकींकडे. आता आमच्या एका चुलतभावाच्या मनात आलंय की घर 'निवास व न्याहारी' योजनेत घालावं. तारकर्लीची गर्दी थोडी इकडे वळेल, घराचा खर्च निघेल. कल्पना अजिबात वाईट नाही. पण पाहुण्यांना उंदीर दिसता कामा नये, म्हणून पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट द्यायचं: दर तीन महिन्यांनी माळ्यावर, मांगरात आणि माडांच्या बुंध्याशी विषाच्या वड्या, खोल्यांमधून गोंदाचे पुठ्ठे. सगळ्यांनी हो म्हटलं. मी नाही म्हटल्यावर "मग तू जाऊन राहा तिथे" असं उत्तर आलं. (उत्तर तसं बरोबरच आहे. त्याच्याकडे येतोच.)

आधी विष. पूर्वीपासून गावात चालते ती काळपट पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड. पिठाच्या गोळीत घालून ठेवायची. पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फिन वायू तयार होतो आणि प्राणी मरतो. यावर उतारा नाही, उंदराच्या पोटात गेली तरी नाही आणि चुकून पोराच्या पोटात गेली तरी नाही. वर उंदीर हुशार. थोडंसं खाऊन नुसताच आजारी पडला तर त्या चवीच्या वाटेला पुन्हा जात नाही. म्हणून मग हळू काम करणारी विषं आली. ब्रोमॅडिओलोनच्या त्या रंगीत वड्या. त्यांनी रक्त गोठणं बंद होतं आणि उंदीर चार-सहा दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. एवढ्या दिवसांत त्याला वडीचा आणि दुखण्याचा संबंध लागत नाही, हेच त्या औषधाचं कौशल्य.

आता विकणारा हमखास सांगतो ते वाक्य: "साहेब, उंदराला तहान लागते, तो बाहेर जाऊन मरतो." हे मी किमान चार दुकानांत ऐकलंय आणि माझ्या सगळ्या नातेवाइकांचा यावर देवावर नसेल इतका विश्वास आहे. आजारी जनावर बिळात शिरतं, बाहेर पडत नाही. उंदीर मरतो तो त्याच्या घरट्याजवळ, म्हणजे आपल्या माळ्यावर, वळचणीत, कपाटामागे. आपण तोवर कोकणकन्येने ठाण्याला पोचलेलो असतो. गेल्या वर्षी हे झाल्यावर काकी फोनवर एवढंच म्हणाल्या, "वीख घालतास तुमी, नि वास येता आमका." माळ्यावर चढून ते काढलं त्यांनी. फडक्याने. आमच्यापैकी कुणी त्यांना साधे रबरी हातमोजेसुद्धा आणून दिलेले नव्हते.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. विष हे गैरहजर मालकाचं औषध आहे. ठेवायचं आणि गाडीत बसायचं. पुढचं सगळं तिथे राहणाऱ्यांनी निस्तरायचं. आणि तिथे राहणारी फक्त माणसंच नाहीत. वडी खाल्लेला उंदीर मरायच्या आधी दोन-तीन दिवस सुस्त होऊन फिरतो, आणि सुस्त उंदीर सगळ्यात आधी कुणाला सापडतो? मांजराला आणि घुबडाला. त्याच्या पोटातलं विष त्यांच्या पोटात जातं. म्हणजे जे फुकटात उंदीर मारत होते त्यांनाच आपण आधी मारतो, आणि मग परत वड्या घालतो, कारण उंदीर वाढले! उंदरीण तीन आठवड्यांत सहा-आठ पिल्लं घालते, ती पिल्लं तीन महिन्यांत विण्याजोगी होतात. घुबडाला हे जमत नाही.

आमच्या मांगराच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे. पांढरट, बदामी तोंडाची. रात्री असं काही किंचाळतात की शहरातून आलेल्या सुनेने पहिल्या रात्री बॅग भरली होती. :) घुबड शिकार अख्खी गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळी करून ओकून टाकतं. मांगराच्या कोपऱ्यात पडलेल्या अशा गोळ्या मी मे महिन्यात पाण्यात भिजवून उकलल्या. आत कवट्याच कवट्या, नारिंगी सुळसुळीत दातांच्या. मलेशियात पामतेलाच्या बागांमध्ये याच जातीच्या घुबडांसाठी मुद्दाम खांबांवर पेट्या बांधतात. आपल्याकडे ती बिनभाड्याची येऊन राहिली आहेत, तर "अपशकुनी, हाकला" असा ठराव होतो.

धामणीचं तेच. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीत काटा असतो, हे सगळं एम. ए. झालेल्या माणसांकडून ऐकलंय. बिनविषारी साप, उंदरांच्या बिळात शिरून त्यांना खाणारा, १९७२ च्या कायद्याने संरक्षित. आणि दिसला की काठी.

गोंदाच्या पुठ्ठ्यांबद्दल थोडक्यात, कारण लिहायलाही नको वाटतं. त्यावर उंदीर चिकटतो तो मरत नाही, तासन् तास ओढाताण करत राहतो, कातडी सोलवटून घेतो. बंद घरात तर दिवसच्या दिवस. उंदराबरोबर पाल चिकटते, सापसुरळी चिकटते, चिचुंद्री चिकटते. (चिचुंद्री उंदीर नव्हे, बरं का. ती किडे-झुरळं खाणारी वेगळ्याच कुळातली आहे, फक्त वासाने बदनाम.) प्राणी कल्याण मंडळाने हे पुठ्ठे बंद करा असं राज्यांना कळवलेलं आहे, तरी ते ऑनलाइन डझनाने मिळतात. मारायचंच तर लाकडी चाप घ्या, सुक्या बांगड्याचा तुकडा लावा. एका फटक्यात संपतं, आणि मेलेला उंदीर कुठे आहे हे निदान माहीत असतं. पिंजऱ्यातला उंदीर दुसऱ्याच्या कुणग्यात नेऊन सोडणाऱ्या दयाळू लोकांबद्दल मी काही बोलत नाही, आमच्यात तसे दोन आहेत.

कंत्राटावरून आठवलं. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत विचारलं होतं की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले कसे? महाराष्ट्र आठवडाभर हसला. मग खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नव्हे, ठेवलेल्या गोळ्यांचा होता. मला तो खुलासा मूळ आरोपापेक्षा जास्त बोलका वाटतो. कंत्राटदार गोळ्या मोजतो. उलट मुंबई महापालिकेचे रात्री काठी-बॅटरी घेऊन फिरणारे मूषकसंहारक, त्यांना सकाळी मेलेले उंदीर दाखवून मोजून द्यावे लागतात. आमच्या घरच्या कंत्राटाच्या कागदावरसुद्धा वर्षात किती वड्या हे लिहिलंय. घरात शिरायच्या भोकांबद्दल एक ओळ नाही.

आणि उंदीर येतो तो भोकातून. मोठ्या उंदराला अर्ध्या इंचाची फट पुरते, पिटुकल्या घरउंदराला त्याच्याही निम्मी. आमच्या घराच्या भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामध्ये हात जाईल एवढी वळचण उघडी आहे. न्हाणीच्या मोरीला जाळी नाही. तीन माडांच्या झावळ्या छपराला टेकल्यात, म्हणजे उंदरांना पायऱ्याच घालून दिल्यात. माळ्यावर मे महिन्यातले नारळ, खोलीत गाद्या, डब्यात उरलेली डाळ. हे सगळं मांडून ठेवून आपण अकरा महिने निघून जातो.

आचऱ्याची गावपळण ठाऊक असेल. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जाऊन राहतं, तीन दिवस तीन रात्री, आणि पुन्हा कौल घेऊन परत येतं. बाहेरचे लोक कौतुकाने फोटो काढायला येतात. आमच्या घराची गावपळण दर वर्षी अकरा महिन्यांची असते, कौल न लावता. पूर्वी या घरात उंदीर नव्हते असं नाही. पण चुलीचा धूर रोज कौलांपर्यंत जायचा, भात शेणाने लिंपलेल्या कणगीत असायचं, खायचं शिंक्यावर, माळ्यावर दिवसातून चारदा कुणीतरी चढायचं आणि दोन मांजरं मोकळी फिरायची. काकींनी एकदा विचारलं होतं, "तुमी येतास आठ दिस, उंदीर रवतत बारा म्हयने. मगे घर कोणाचा?" सगळे हसले.

चुलतभावाचा मुद्दा आहे लेप्टोचा, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. उंदराच्या मुतातून जंतू ओल्या जमिनीत उतरतात, जखमेतून माणसात शिरतात. सिंधुदुर्गात हा ऐकीव आजार नाही, भातलावणीच्या दिवसांत त्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. पण मग नीट विचार करा. आमचं घर उघडतं चवथीच्या आधी, ऐन ओलीत. ते झाडतात काकी, आम्ही पोचायच्या दोन दिवस आधी, अनवाणी, लावणीने पायाला चिखल्या झालेल्या असताना. वड्या ठेवून हा धोका जात नाही, कारण मेलेल्यांची जागा शेतातले नवे उंदीर महिन्या-दोन महिन्यांत घेतात, आणि भोकं तीच असतात. धोका जातो तो गमबूट, हातमोजे, झाडण्याआधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडणं आणि दारं-खिडक्या उघडून ऊन घेणं यांनी. यासाठी आजपर्यंत आमच्यात वर्गणी निघालेली नाही.

म्हणून माझा प्रस्ताव, सगळ्या हिस्सेदारांसाठी. कंत्राटाचे पैसे वळचणीला अर्ध्या इंचाहून बारीक, जाड तारेची जाळी मारायला वापरायचे. घुशीची बिळं काच-सिमेंटने बुजवायची. छपरावरच्या झावळ्या तोडायच्या आणि बांधावरच्या सुट्या माडांना दोन मीटर उंचीवर पत्र्याचा पट्टा ठोकायचा. (मागच्या दाटीतल्या माडांना नको. तिथे उंदीर शेंड्यावरून शेंड्यावर जातात, पट्टा बघतसुद्धा नाहीत.) काकींना दरमहा रीतसर पगार द्यायचा, आठवड्यातून दोनदा घर उघडून चूल पेटवायचा, त्यांना हवं असेल तरच. उपकार म्हणून किल्ली सांभाळायला लावणं आता पुरे. आणि घर खरंच पाहुण्यांना द्यायचं असेल तर आणखी उत्तम, माणसांचा वावर होईल. फक्त त्यांच्या खरकट्याचा डबा झाकणाचा हवा, नाहीतर उंदरांचीच न्याहारी.

एवढं करून उंदीर शून्य होणार नाहीत. रात्री कौलांवरून एखादा धावेलच. पाहुण्यांना तसं आधीच सांगावं, मालवणात येऊन मासे ताजे मागतात तर एवढं चालेल.

माझा हिस्सा मी भरला आहे. जाळीचं माप घेतलंय, मालवणातल्या दुकानदाराने दर कळवलाय, गणपतीआधी काम व्हायला हवं तर या महिन्यात होकार द्या. माटवीचे नारळ या वर्षी माळ्यावर न ठेवता आणल्या दिवशीच बांधायचे. आणि मांगर रंगवायला काढाल तेव्हा माळ्याचा पूर्वेकडचा कोपरा सोडून द्या, पिल्लं असण्याची शक्यता आहे.