पालीची घंटा आणि आमचा इंग्रजी नाताळ

गेल्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, मी पालीला होतो. आता ख्रिस्ती माणसाचं नाताळच्या सुट्टीत बल्लाळेश्वराच्या दारात काय काम, असं विचाराल. काम काहीच नव्हतं. जायचं होतं कोर्लईला, गाडी ऑफिसातल्या मित्राची, आणि खोपोली सोडून पालीच्या रस्त्याला लागलेला पुणेकर गणपतीला हात न जोडता पुढे जाईल तर शपथ! पार्किंगमध्येच पाऊण तास गेला. अर्धं हिंजवडी तिथे आलेलं. (नाताळची सुट्टी अष्टविनायकाच्या कारणी लावायची ही पद्धत मला मनापासून आवडते. टोमणा नाही हा.)

देवळात मित्राने वरच्या मोठ्या घंटेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "बघ रे, ही तुमची."

त्याचं बरोबरच होतं म्हणा. घंटा युरोपातली आहे. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वसई-साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली, तेव्हा चर्चमधल्या बऱ्याच घंटा मराठी मुलखात आल्या. त्यातलीच ही, असं सांगतात. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. मेणवलीच्या घंटेवर तर मरिया आणि बाळ येशू कोरलेले आहेत. मी काही भाबडा नाही, ही लूट होती, प्रेमाने दिलेली भेट नव्हे. पण तिथे रांगेत उभ्या असलेल्या एकालाही ती घंटा परकी वाटत नव्हती. पोरं बापाच्या खांद्यावर बसून तिच्याकडे हात लांबवत होती. पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, घंटा पालीची झाली.

आणि आम्ही?

आम्ही मात्र परके! "तुझं मराठी किती छान आहे रे" हे वाक्य मी वर्षातून चार वेळा तरी ऐकतो. साहेब, माझी आजी श्रीरामपूरकडची, माझ्या घरात नाताळला करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे होतात, दिवाळीचाच डबा. माझं मराठी वाईट असायला काय कारण? डिसेंबर लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर ते २५ तारखेला तुळशीपूजन करा म्हणणारे मेसेज येतात. तुळशीचं लग्न कार्तिकात लागतं हे मी सांगायचं का आता? असो. या लोकांशी भांडून झालंय, आज त्यांचा नंबर नाही.

आज मला भांडायचंय ते आपल्याच माणसांशी, माझ्या चर्चमधल्या. चर्चचं नाव घेत नाही.

आमच्याकडे रविवारी सकाळी मराठी उपासना होते. मागच्या वर्षी कमिटीने ठरवलं की नाताळची मुख्य उपासना इंग्रजीत करायची, आणि मराठीची वेळ सकाळी सात. सात! २५ डिसेंबरला, पुण्याच्या थंडीत, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसांनी सातला यायचं, कारण साडेनऊला हॉलमध्ये गिटार, ड्रम, प्रोजेक्टर आणि कापसाचा बर्फ लागणार. कापसाचा बर्फ, हो. बेथलेहेमच्या गोठ्यावर. माझी आई सातला गेली नाही, साडेनऊला माझ्याबरोबर आली आणि दीड तास हातात गाण्याचं पुस्तक बंद धरून बसली. पडद्यावर शब्द येत होते, ते तिचे नव्हते. जिने आयुष्यभर घरात भांडी घासताना टिळकांची भजनं म्हटली, ती नाताळला गप्प बसली. घरी येताना म्हणाली, "छान झालं की." बस्स, एवढंच.

माझा व्यवसाय काय, तर लोकलायझेशन. आमचं सॉफ्टवेअर जर्मनीतल्या माणसाला जर्मनमध्ये दिसलं पाहिजे, जपानी माणसाला जपानीत, यासाठी मी आठवड्याला पंचेचाळीस तास राबतो. एखादं बटण इंग्रजीत राहिलं की ग्राहक बग टाकतो आणि मी रात्री बसून तो सोडवतो. आणि माझ्याच चर्चमध्ये अख्खी उपासना इंग्रजीत हार्डकोड होताना मी मागच्या बाकावर बसून होतो. कमिटीच्या त्या बैठकीला मी हजर होतो. हात वर केला नाही. विरोधातही नाही, बाजूनेही नाही. मोबाईल बघत होतो, खरं सांगायचं तर.

नव्या पिढीला मराठी येत नाही, हा पहिला मुद्दा मांडला जातो. येत नाही, कारण आपण शिकवलं नाही. आमच्याच हॉलमध्ये दुपारी तमिळ मंडळी भरते. त्यांचीही पोरं इंग्रजी शाळेत जातात, त्यांचेही बाप आयटीत आहेत. पण त्यांचा नाताळ तमिळमध्येच होतो. मल्याळी तर मल्याळी नसलेल्या जावयालाही मल्याळी गाणी म्हणायला लावतात! महाराष्ट्रात राहून लाज फक्त आपल्याला.

दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो मी उडवून लावणार नाही. आमच्या कमिटीतले एक काका म्हणाले, "बाबा रे, या मराठीने आम्हाला गावकुसाबाहेर ठेवलं. इंग्रजीने आत घेतलं." नगरकडच्या बहुतेक ख्रिस्ती घरांचा इतिहास हाच आहे, माझ्याही. पणजोबांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. मिशनच्या शाळेत अक्षर शिकले म्हणून आज मी लॅपटॉपवर हे टाईप करतोय. इंग्रजीचे उपकार मी विसरणार नाही.

पण काका, त्या मिशनच्या शाळेत पणजोबा पहिलं अक्षर शिकले ते मराठी. 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरला (आता अहिल्यानगर) निघालं ते मराठीसाठी. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, मराठी कादंबरीचा इतिहास तिच्यापासून सांगतात. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून आख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर भजनं लिहिली ती टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तर सगळा महाराष्ट्र आपली मानतो. आणि इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सना, १६१६ साली, ख्रिस्ताची गोष्ट सांगायला ओवीच लागली! भाषा गावकुसाने ठेवून घेतली नव्हती, काका. ती आपल्या लोकांनी आपली करून घेतली होती, आणि आता आपणच ती परत करतोय.

त्या दिवशी पालीहून निघालो, वाकण, रोहा करत दुपारी कोर्लईला पोचलो. समुद्र, किल्ला, पायथ्याशी गाव. पोर्तुगीज तिथून १७४० ला गेले. सत्ता गेली, जहाजं गेली, पण गावातल्या ख्रिस्ती कोळी-शेतकऱ्यांनी पोर्तुगीज-मराठी मिसळून झालेली आपली बोली टिकवली. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे जेमतेम हजारभर. ना लिपी, ना सरकार, ना अ‍ॅप. एका दुकानात पाणी घेताना दोन बायका त्याच बोलीत कशावरून तरी तावातावाने भांडत होत्या. भांडण नक्की माशांच्या भावाचं असावं, एवढं मला स्वरावरून कळलं. आपल्या भाषेत भांडता येणं ही काय चैन आहे!

कॅथलिकांना मिस्सा लोकांच्या भाषेत करायची मोकळीक मिळाली ती १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेमुळे. त्याआधी लॅटिन होती. म्हणजे बघा, रोमने साठ वर्षांपूर्वी जे सोडलं ते आम्ही पुण्यात प्रोजेक्टर लावून पुन्हा सुरू करतोय, न कळणाऱ्या भाषेतली उपासना. फक्त लॅटिनच्या जागी इंग्रजी.

इंग्रजी उपासना बंद करा असं मी म्हणत नाही. नागालँडची, केरळची, आंध्राची पोरं येतात, त्यांना ती हवीच. माझं म्हणणं वेळेचं आहे. साडेनऊला मराठी, अकराला इंग्रजी. ड्रम अकरापर्यंत थांबू शकतो, गुडघे सातला उठू शकत नाहीत. आणि पोरांना येत नसेल तर ऑक्टोबरपासून शनिवारी संध्याकाळी तीन भजनं शिकवा. तीनच. माझ्या मुलीपासून सुरुवात करतो, तिला एकही येत नाही, आणि त्याचा दोष कमिटीवर टाकायची माझी हिंमत नाही.

पुढच्या रविवारी बैठक आहे. आमची पेटी तीन वर्षं स्टोअररूममध्ये, कापसाच्या बर्फाच्या खोक्याखाली पडून होती. परवा काढून बघितली, काळी तीन दाबली की दबूनच राहते, भाता ठीक आहे. दुरुस्तीला टाकली आहे. तबला कोणाकडे असेल तर कळवा.