जमिनीखालचे पाणी : सर्वांची अमानत

आपल्या पायाखाली अल्लाहने काय काय दडवून ठेवले आहे, याची आपल्याला फारच थोडी कल्पना असते. मेक्सिको देशातील युकातान द्वीपकल्पाचेच पाहा. तेथे बराच पाऊस पडतो, तरी जमिनीवर वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीत. पाणी चुनखडीच्या खडकात मुरते आणि जमिनीच्या पोटातून समुद्राकडे जाते.

जानेवारी २०१८ मध्ये पाणबुड्यांनी तेथील 'साक आक्तून' आणि 'दोस ओहोस' या पाण्याने भरलेल्या दोन गुहा आतून जोडलेल्या असल्याचे शोधले. एकूण लांबी भरली ३४७ किलोमीटर. जणू मुंबई ते रत्नागिरीचा रस्ताच पाण्याखालून! त्याच किनाऱ्यावरील 'ओक्स बेल हा' गुहा पुढे याहूनही लांब मोजली गेली. खोलीत मात्र पहिला मान चेक प्रजासत्ताकातील ह्रानित्से येथील विवराचा. २०१६ मध्ये त्यात सोडलेले यंत्र ४०४ मीटर खाली गेले. पाच कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी बुडतील, एवढे हे अंतर! तरीही तळ लागला नाही.

युकातानच्या गुहा पूर्वी कोरड्या होत्या. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली होती. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुन्याचे खांब तेव्हा तयार झाले. असे खांब हवेतच घडतात. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला आणि गुहा भरल्या. २००७ मध्ये येथेच एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला. सुमारे बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी ती अंधारात खोल खड्ड्यात पडली असावी.

छत कोसळून जेथे पाणी उघडे पडते, त्या विहिरींना 'सेनोते' म्हणतात. त्यांच्याच आधारावर माया लोकांची गावे वसली. आज त्या किनाऱ्यावर हॉटेले वाढली आहेत. त्यांचे सांडपाणी खडकाच्या भेगांतून याच गुहांत उतरते आणि समुद्रातील प्रवाळांपर्यंत पोहोचते. गुहा जोडलेल्या, म्हणून घाणही जोडलेली.

आपल्याकडचा खडक निराळा आहे, इतक्या मोठ्या गुहा येथे नाहीत. पण शोषखड्डा विहिरीला लागून खणला, तर त्याची घाण झिरपून त्याच विहिरीत येते. आपल्या अंगणातून मुरलेले शेजाऱ्याच्या हंड्यात निघू शकते. साचलेल्या पाण्यात घाण करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट मनाई केली आहे. ही शिकवण आपण वजूच्या पाण्यापुरती ठेवतो, अंगणापर्यंत नेत नाही. घर बांधताना विहीर आणि शोषखड्डा यांत पुरेसे अंतर ठेवणे, गटाराचे पाणी जुन्या बोअरमध्ये न सोडणे, हाही शेजाऱ्याचा हक्कच आहे. डोळ्यांना न दिसणारे पाणीही अमानत आहे. तिचा हिशेब आपल्याला द्यावाच लागेल.