शिलालेख लंडनला, भांडण बेळगावात

बेळगावच्या किल्ल्यावर बोलायला आपल्या समाजात कुणी उभं राहिलं, की पहिल्या पाच मिनिटांत १०८ बस्त्या येतातच. १०८ बस्त्या होत्या, त्या पाडल्या, त्यांचे दगड तटाला लावले. बायका हळहळतात, पुरुष माना हलवतात, मग अल्पोपहार. तटात कोरीव दगड दिसतात, ते खोटं नाही. पण १०८ हा आकडा जपमाळेचा आहे, मोजणीचा नव्हे. आणि या वक्त्यांना मला एवढंच विचारायचंय, की जी कमल बस्ती आजही उभी आहे, तिच्याबद्दल तुम्ही आम्हाला काय सांगितलंत?

छतातलं कमळ आपण सगळ्यांनीच पाहिलंय. मान दुखेपर्यंत वर बघतो, ७२ तीर्थंकर मोजायला जातो, नेमिनाथांना अर्घ्य वाहतो आणि घरी येतो. ती कुणी बांधली हे किती जणींना माहीत आहे? सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य, आणि त्याचा मंत्री बीचिराज. तेव्हा बेळगावचं नाव वेणुग्राम. बीचिराजानं इथं जिनालय बांधलं आणि १२०४ साली त्या जिनालयाला दानं दिली गेली, ती शुभचंद्र भट्टारकांच्या हाती. हे सगळं दोन शिळांवर कोरून ठेवलेलं आहे. त्या शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १०८ साठी हळहळणाऱ्या आपण या दोन शिळांसाठी कधी हळहळलो का?

बरं, त्यात राजाची नुसती बिरुदावली असती तर मी एवढी कळवळले नसते. त्यात बाजार आहे, बायांनो. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी आपापल्या मालातला थोडा थोडा वाटा जिनालयाला लावून दिला, त्याची ती नोंद आहे. विड्याची पानं, सुपारी, नारळ, भात, तेल. म्हणजे आपली महिन्याची यादीच! आणि देणारे कोण? गावचे तर होतेच, शिवाय लाटदेशाचे, म्हणजे गुजरातकडचे, आणि मलयाळ देशाचेसुद्धा. आठशे वर्षांपूर्वी या किल्ल्याच्या गावात इतक्या बोलींची माणसं सौदा करत होती. किल्ला म्हटलं की तोफ, वेढा, तलवार, एवढंच सांगायची जी पुरुषी खोड आहे, तिच्यात हा नारळ-सुपारीचा इतिहास कुठे बसणार? राजाची वंशावळ ठेवली आणि तेलाचा हिशेब गाळला.

आता भाषेचं. या शिळांवरची भाषा कन्नड आहे, हे म्हणताना आपल्यातल्या काहींचा घसा का बसतो? आपण घरात मराठी बोलतो, ओव्या मराठीत म्हटल्या, लेकरं मराठीत वाढवली. त्यानं शिलालेखाची भाषा बदलत नाही. आणि लेख कन्नड आहे म्हणून आम्ही इथल्या नाही, हेही कुणी आम्हाला ऐकवू नये. रट्टांचं राज्य तेराव्या शतकात बुडवलं ते देवगिरीच्या यादवांनी. म्हणजे ज्यांचं नाव घेऊन आपण मराठीचा अभिमान सांगतो, त्यांनीच आपल्या बस्तीच्या आश्रयदात्यांची गादी घालवली. मग आता रडायचं कुणासाठी आणि चिडायचं कुणावर? हे सोयीचं नाही, म्हणून व्याख्यानात येत नाही.

त्याच किल्ल्यात आदिलशाही सरदार असदखानाची सफा मशीद आहे. तिच्या दोन खांबांवर कन्नड लेख आहेत, एक रट्टांच्या काळातला आणि एक यादव कृष्णाच्या काळातला. हे खांब दाखवून कुणी म्हणेल, बघा, लुटलं! कुणी म्हणेल, बघा, जपलं! मी म्हणते, आधी वाचा तरी. बहमनी आले, आदिलशाही आली, मराठे आले, १८१८ ला इंग्रज आले. प्रत्येकानं दगड हलवले. वाचायची तसदी मात्र आपण घेतली नाही, ती घेतली शिळा नेणाऱ्यांच्या देशातल्या पंडितानं. त्यानं ओळ न् ओळ लावून इंग्रजीत छापली, त्यालाही आता शंभर वर्षं होऊन गेली.

दशलक्षणात आपल्याकडे अभिषेकाच्या बोल्या लागतात. आकडे ऐकून डोळे फिरतात. त्यातली एक बोली, फक्त एक, या कामाला द्या. त्या दोन शिळांचे चांगले फोटो मागवा. कन्नड जाणणाऱ्या अभ्यासकाला बोलवा, त्याला मानधन द्या, नुसती शाल-नारळ नको. मूळ लेख, आजचं कन्नड आणि मराठी अर्थ असे तीन फलक करा. बस्ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथं परवानगी मिळायला वेळ लागेल. तोवर ते आपल्या मंगल कार्यालयात लावा, जेवणाच्या हॉलमध्ये, जिथं बायका पंगतीसाठी ताटकळत उभ्या असतात. विड्याची पानं, सुपारी, नारळ, तेल. त्या बरोबर वाचतील.