छंद आणि हुन्नर : आधी झीज शोधा, मग खर्च करा



बर्मिंगहॅमला स्थायिक झालेल्या एका कोकणी भगिनीचे पत्र आले आहे. बाप-लेकाने दोन हिवाळे खपून जुनी बीएसए बँटम मोटारसायकल ट्रायल्ससाठी उभी केली. रंग, इंजिन सारे झकास. पण दगडधोंड्यांत पुढचे चाक भरकटते, मुलगा पडतो. आता तो गाडीला हात लावत नाही. वडील महागडे शॉकअप घ्यायला निघालेत. भगिनी विचारतात, गाडी विकून टाकावी का?

विकू नका. बँटम 1948 ते 1971 या काळात निघत होती. बीएसएचा मोठा कारखाना तुमच्याच शहरातल्या स्मॉल हीथ भागात होता, जिथे आज आपल्या लोकांची दाट वस्ती आहे. गाडीचा दोष बहुधा छोटा असेल, पण तो शोधायला सबर हवा.

ट्रायल्स ही वेगाची शर्यत नव्हे. उभ्याने, चालण्याच्या गतीने, दगड, चिखल आणि ओढ्यातून गाडी न्यायची. पाय एकदा टेकला तर 1 गुण, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर 3, पडलात किंवा मार्ग चुकला तर 5. कमी गुणवाला जिंकतो. म्हणजे इथे ताकदीपेक्षा तोल मोठा.

पहिले काम, झीज तपासणे. पुढचे चाक जमिनीपासून उचला. फोर्क खालून धरून मागे-पुढे हलवा. खटखट जाणवली तर कोनसेट ढिला आहे. हँडल सावकाश फिरवा. मधोमध खटका लागला तर कोनसेट झिजला आहे, तो बदलाच. मग मागचा चिमटा आडवा हलवून बुश पाहा. चाकांचे बेअरिंग पाहा, स्पोक ताणा, आउट काढा. दोन्ही चाकांच्या कडेने दोरी ताणून चाके एका रेषेत आहेत का बघा. नसतील तर कोणताही शॉकअप उपयोगाचा नाही.

दुसरे, फोर्क. दोन्ही पायांत तेल सारखेच हवे. चालक फूटरेस्टवर उभा राहिला की स्प्रिंग एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबावी. कमी दबली तर चाक दगडावरून उसळते, जास्त दबली तर खड्ड्यात आपटते.

तिसरे, उभे राहण्याची जागा. रस्त्याच्या गाडीचे फूटरेस्ट बसून चालवण्यासाठी असतात. ट्रायल्ससाठी ते थोडे खाली आणि मागे घ्यावे लागतात. त्याने हातांवरचा भार कमी होतो आणि मागच्या चाकाला पकड मिळते. पण फार मागे नेले तर चढावर पुढचे चाक उचलते. गुडघे किंचित वाकलेले असताना हात सहज हँडलपर्यंत पोचावेत.

चौथे, केबल. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आवाज वाढला तर थ्रॉटलची केबल ताणली जाते आहे. अवघड वळणात गाडी आपोआप झेपावते ती यानेच.

शॉकअप सर्वात शेवटी. ते लांब घेतले तर गाडीचे मागचे अंग उचलले जाते, स्टिअरिंगचा कोन उभा होतो. गाडी चटकन वळते, पण वेगात चंचल होते. चेन चिमट्याला घासते का, तेही पाहावे लागते. म्हणून आधी मोजा, मग पैसे द्या. गरज नसलेला खर्च हा इस्राफच.

टायरमधली हवा ट्रायल्सला फार कमी ठेवतात. ट्यूबचे टायर असतील तर रिमलॉक हवाच, नाहीतर टायर रिमवर सरकून ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो. घरी परतताना रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरायला विसरू नका.

आणि एक नियम कायम पाळा. एका वेळी एकच बदल, तोही वहीत लिहून. त्याच दगडावरून, त्याच गतीने पुन्हा जाऊन पाहायचे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारले ते कळत नाही.

भगिनी, ही वही मुलाच्या हाती द्या. पाना वडिलांनी धरावा, निर्णय मुलाने घ्यावा. पडण्याचा दोष तो स्वतःवर घेतो आहे. कोनसेटमधला खटका त्याच्या बोटांना जाणवला की तो गैरसमज आपोआप निघेल. हेल्मेट आणि भक्कम बूट मात्र पहिल्या दिवसापासून. जीव ही अमानत आहे.

गाडी सरळ चालू लागली की कळवा, इन्शाअल्लाह.