तारीख उलटलेली अंडी: खायची की फेकायची?

मागच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात माझ्या ओपीडीत दोन गोष्टी ऐकल्या. एका ताईंनी अंड्यांचा अख्खा बॉक्स फेकून दिला होता, कारण बेस्ट बिफोर तारीख दोन दिवसांपूर्वी उलटली होती. बॉक्स आणल्यापासून फ्रिजमध्येच होता. दुसरीकडे एक आजोबा ताप, पोटात मुरडा आणि जुलाब घेऊन आले. आदल्या दिवशी त्यांनी हाफ फ्राय खाल्लं होतं. सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, अंडं पाण्यात टाकून बघितलं होतं. तळाशी बसलं, म्हणजे चांगलंच होतं ना?"

आजोबांना त्रास अंड्यामुळेच झाला, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण सूनबाईंचा प्रश्न मात्र मला महत्त्वाचा वाटला. कारण ताईंनी बहुधा चांगली अंडी फेकली, आणि सूनबाईंनी चुकीच्या परीक्षेवर विश्वास ठेवला.

तारीख नेमकं काय सांगते?

बेस्ट बिफोर म्हणजे त्या दिवसापर्यंत पदार्थाचा दर्जा उत्तम राहील, असा उत्पादकाचा अंदाज. त्या रात्री बारा वाजता अंड्याचं विष होत नाही. एक्सपायरी किंवा यूज बाय हा शब्द वेगळा. तो असेल तर तारीख पाळायचीच. युरोपीय संघात अंड्यांची बेस्ट बिफोर तारीख घातल्यापासून जास्तीत जास्त २८ दिवसांची असते.

पण ही तारीख एका अटीवर खरी असते: अंडी नीट ठेवली असतील तर! आणि आपल्याकडे गाडी अडते ती इथेच.

आपण बहुतेक जण अंडी सुटी घेतो, तीसच्या ट्रेमधली. त्यांच्यावर तारीखच नसते. ट्रे दुकानाबाहेर उन्हात किती दिवस होता, कोणी सांगत नाही. लोणावळ्यात तर आणखी एक प्रकार बघतो. शनिवार-रविवारी बंगल्यावर येणारी मंडळी उरलेली अंडी फ्रिजमध्ये ठेवतात आणि जाताना मेन स्विच बंद करतात. पंधरा दिवसांनी परत येऊन बटण चालू केलं की फ्रिज गार, अंडी गार, बॉक्सवरची तारीखही शिल्लक! पण मधले पंधरा दिवस ती बंद, कोंदट कपाटातच होती. पावसाळ्यात तासन् तास वीज जाते तेव्हाही थोड्या प्रमाणात हेच घडतं.

पाण्याची परीक्षा वय सांगते, आजार नाही

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून आतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. म्हणून ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं आणि फार जुनं तरंगतं. परीक्षा खोटी नाही, पण ती फक्त वय सांगते.

आजारी पाडणारा साल्मोनेला हा जंतू ताज्या अंड्यातही असू शकतो. कधी तो कवचावरच्या विष्ठेतून येतो, तर कधी कोंबडीच्या शरीरातच अंड्यात शिरलेला असतो. त्याने वास येत नाही, रंग बदलत नाही. कुजका वास आला तर अंडं फेकाच, पण वास नाही म्हणजे जंतू नाही, असं समजू नका.

मग जुनं अंडं जास्त धोक्याचं का? अंड्याच्या पांढऱ्या भागात जंतूंना वाढू न देणारी द्रव्यं असतात. अंडं जुनं होत गेलं, त्यातही उबेत, की बलकाभोवतीचा पडदा सैल पडतो, बलकातलं पोषण पांढऱ्यात झिरपतं आणि जंतूंची चंगळ होते. थंडाव्यात हे सगळं खूप सावकाश होतं. म्हणून माझ्या मते "तारीख कोणती?" यापेक्षा "अंडं कुठे होतं?" हा प्रश्न मोठा आहे.

मी स्वतः काय करतो

• सुटी अंडी गिऱ्हाइकी जास्त असलेल्या दुकानातून, आठवड्याला पुरतील एवढीच घेतो. घरी आल्यावर पेन्सिलीने कवचावर तारीख लिहितो.
• फ्रिजच्या दारातल्या खाचांत न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवतो. दार उघडझाप होताना तिथलं तापमान सारखं बदलतं.
• धुऊन साठवत नाही. धुण्याने कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं. घाण लागलेली असेल तर वापरायच्या आधी धुतो.
• फ्रिजमधली अंडी बाहेर काढून ठेवत नाही. आपल्या दमट हवेत त्यांना लगेच पाणी सुटतं आणि त्या ओलाव्यातून जंतू छिद्रांवाटे आत जाऊ शकतात.
• तडकलेलं अंडं स्वस्त मिळालं तरी घेत नाही.
• अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडतो. गावठी अंडी घेताना तर नक्कीच. खुडूक कोंबडीखालचं अंडं चुकून आलं असेल तर तिथेच कळतं.
• उकडलेली अंडी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवतो.

सतत फ्रिजमध्ये असलेलं, न तडकलेलं अंडं बेस्ट बिफोर उलटून चार-पाच दिवस झाले तरी मी खातो, पण पूर्ण शिजवून. पांढरं आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत. जंतू मारण्याचा हाच खात्रीचा उपाय आहे. लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर माणसं, मधुमेही किंवा केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांना मात्र हाफ फ्राय, कच्चं अंडं घातलेलं दूध किंवा घरचं मेयोनीज देऊ नका. अंडं अगदी ताजं असलं तरी नको. आणि बंगल्यातल्या त्या बंद फ्रिजमधली अंडी तारीख शिल्लक असली तरी फेका.

त्रास झालाच तर

लक्षणं साधारण सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. ओआरएस सुरू करा. मेडिकलमधून जुलाब थांबवण्याच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नका. शौचात रक्त, जोराचा ताप, पाणीही न टिकणं, लघवी कमी होणं, यांतलं काही दिसलं तर थांबू नका. तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर लगेच दाखवा.

आमचे आजोबा चार दिवसांत बरे झाले. आता घरी आम्लेटच खातात, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेलं. तक्रार एकच: "डॉक्टर, हाफ फ्रायची मजा नाही हो यात!" मजा नाही हे मलाही मान्य आहे. पण पंचाहत्तरीच्या पोटाला एवढी तडजोड करायला हरकत नसावी.