आमचा समुद्र

पूर्वी आपल्याकडली माणसे बोटीने विलायतेला जात ती कुठेतरी पोहोचण्यासाठी. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि मुंबईहून निघालेली बोट एडन, सुएझ, पोर्ट सैद करीत भूमध्य समुद्रात शिरू लागली. बोट लागून चार दिवस अंथरुणाला खिळलेला विद्यार्थीही मार्सेल्सचा धक्का दिसला की उठून कॉलर ठाकठीक करू लागे. कारण पुढे बॅरिस्टरी होती, डॉक्टरी होती, आय. सी. एस. होती. आता माणसे आधी विमानाने विलायतेला जातात आणि तिथे गेल्यावर बोटीत बसतात. सात दिवस समुद्रात हिंडतात आणि ज्या धक्क्यावरून निघाली त्याच धक्क्यावर पुन्हा उतरतात. याला क्रूझ म्हणतात. प्रदक्षिणेची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. फरक इतकाच, की या प्रदक्षिणेच्या मधोमध देव नसतो, जेवणाचा हॉल असतो.

अशी एक प्रदक्षिणा गेल्या मे महिन्यात आम्ही उभयतांनी घातली.

आम्ही मुळशी तालुक्यातली माणसे. माझी नोकरी कॉलेजात मराठी शिकवण्याची, यांची पिरंगुटच्या एका कारखान्यात. लग्नाला वीस वर्षे झाली. पण या वीस वर्षांत दोघेच दोघे असे सलग दोन दिवस कुठे राहिलो नव्हतो. लग्नानंतर जेजुरीला गेलो ते जीपभर मंडळींसह. महाबळेश्वरला गेलो तेव्हा नणंदबाई आणि त्यांची दोन मुले बरोबर होती. यंदा चिरंजिवांची बारावी आटोपली, पतपेढीतल्या ठेवीची मुदत भरली, आणि एका रात्री जेवताना यांनी सर्वांदेखत "आपण जाऊन येऊ" असे जाहीर केले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ताटावरची नजर न उचलता विचारले, "पान्यात आठ दिस? कशापायी?" या प्रश्नाचे उत्तर आम्हा दोघांपाशीही नव्हते. व्हिसा मात्र मिळाला.

बोट सुटते ती रोमहून असे सांगतात. पण रोमचे हे बंदर, चिवितावेक्किया, रोमपासून सत्तरएक किलोमीटरवर आहे. म्हणजे लोणावळ्याला मुंबई म्हणण्यातलाच प्रकार. बोट म्हणजे तरी काय, चार हजारांहून अधिक माणसे पोटात घेतलेली पंधरा-सोळा मजली चाळ! आमची खोली सर्वांत स्वस्त, आतल्या अंगाची, बिनखिडकीची. तिच्यात एक टेलिव्हिजन होता आणि बोटीच्या नाळेवर बसवलेल्या कॅमेऱ्यातून त्यावर समुद्र दिसे. समुद्रात राहून समुद्र टेलिव्हिजनवर पाहण्याचा योग असा आला. पिठले-भाकरीच्या आठवणीचा परिच्छेद प्रवासवर्णनात घालण्याची आपल्याकडे रीत आहे. तो वाचकांनी मनानेच घालून घ्यावा.

खोली आवरायला येणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा निघाला. गोव्यातली आणि खालच्या कोकणातली कितीतरी मुले या बोटींवर कामाला असतात. आमचे मराठी कानावर पडताच त्याने टॉवेल खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला तो, "पाऊस कधी लागणार?" भूमध्य समुद्राबद्दल मी पुस्तकात वाचले होते त्याहून अधिक त्याने सांगितले. इथे भरती-सुकती जवळजवळ नाहीच, म्हणाला. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते. इथे बंदरात एक-दोन वितींचा फरक. अटलांटिकशी जोडणारी जिब्राल्टरची वाट इतकी अरुंद, की महासागराची भरती आत पोहोचतच नाही. वर ऊन कडक आणि नद्यांचे पाणी कमी, त्यामुळे जितके पाणी वाफ होऊन जाते तितके पावसाने आणि नद्यांनी भरून येत नाही. म्हणून हे पाणी आपल्या समुद्राहूनही खारट. त्याचा करार आठ महिन्यांचा होता. मुलगी चालायला लागली ती त्याने फोनवर पाहिली. टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवता ठेवता तो हसत म्हणाला, "तुम्ही दोघांनी एकत्र राहण्याचे पैसे भरलेत, मी बायकोपासून लांब राहण्याचे पैसे घेतो." हे ऐकल्यापासून यांनी त्याला खोली आवरू दिली नाही. रोज सकाळी पांघरुणाच्या घड्या स्वतः घालू लागले. त्याला त्याचा त्रासच झाला असावा, कारण घड्या चुकीच्या होत्या.

पहिला मुक्काम पालेर्मोचा. तो गर्दीत आणि उन्हात गेला. दुसऱ्या दिवशी बोट कुठेच थांबणार नव्हती, आणि त्या दिवशी आमची खरी पंचाईत झाली. सकाळचा नाश्ता झाला, डेकवर दोन खुर्च्या मिळाल्या, समोर निळे पाणी. आणि बोलायला काही सापडेना. दूध, गॅस, फी, आत्याबाईंची रक्तदाबाची गोळी, वरच्या टाकीचा कॉक या विषयांवर आम्ही वीस वर्षे न थकता बोलत आलो होतो. त्यांतला एकही विषय बोटीवर नव्हता. शेजारी एक इटालियन म्हातारा-म्हातारी पत्ते खेळत होती. त्यांच्याकडे आम्ही तासभर पाहिले. नवरा-बायकोला एकांत हवा असे आपण म्हणतो खरे, पण तो मिळाल्यावर त्यात भरायचे काय, हे कोणी शिकवलेले नसते.

मग सवयीने मी शिकवायला लागले. म्हटले, 'मेडिटरेनियन' या शब्दाचेच मराठीत भूमध्य झाले आहे. 'मेडिउस' म्हणजे मधला, 'तेर्रा' म्हणजे भूमी. चहूबाजूंनी जमीन, मध्ये पाणी, ते भूमध्य. आणि रोमन लोक त्याला नुसते 'मारे नोस्ट्रुम' म्हणत. म्हणजे आमचा समुद्र. हे पाण्याकडेच पाहत होते. म्हणाले, "मग वरसगावचं पाणीही भूमध्यच की. चारी बाजूंनी डोंगर आहेत."

आणि मग यांनी जे सांगितले ते वीस वर्षांत मी कधी ऐकले नव्हते. आत्याबाईंचे माहेर मोसे खोऱ्यातले. वरसगावचे धरण झाले आणि त्या गावची शेते पाण्याखाली गेली, हे मला ठाऊक होते. घरात त्याचा उल्लेख एखाद्या जुन्या आजारपणासारखा होई. पण गाव उठले त्या दिवशी हे तिथे होते, दहा-अकरा वर्षांचे. मामांनी घर स्वतःच्या हाताने उतरवले. कौले, वासे, तुळया, शेवटी दाराची चौकट. सारे ट्रकमध्ये भरले आणि चौकटीवर यांना बसवले, ती घसरू नये म्हणून. खाली देशावर, दौंडकडे, जमीन मिळाली होती. "रस्ताभर मी ती चौकट धरून बसलो होतो," हे म्हणाले, "आणि मला फार मजा वाटत होती. ट्रकमध्ये बसायला मिळालं ना! पुढच्या ट्रकमध्ये आई रडत होती, ते मला नंतर कळलं." त्या दिवशी आम्ही दुपारचे जेवण चुकवले. बोटीवर हे फारच दुर्मीळ मानतात.

बार्सेलोना पाहिली, तिच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मार्सेल्सला मात्र आमच्या सहलीतल्या सगळ्या मराठी मंडळींचा एकच प्रश्न. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून सावरकरांनी उडी घेतली ती जागा कोणती? क्रूझच्या बोटी लागतात तो धक्का जुन्या बंदरापासून दूर, शहराच्या उत्तरेला आहे. तिथे कुंपणे, बसगाड्या आणि सिमेंट. जो तो आपल्या मनाने एकेक जागा ठरवून तिचे फोटो काढीत होता. मला तिथे आठवले ते सावरकरांचे लंडनचे सहकारी, पांडुरंग महादेव बापट. १९०४ साली शिष्यवृत्ती घेऊन ते एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. पण आम्हा मुळशीकरांना ते माहीत आहेत सेनापती म्हणून. टाटांच्या धरणाखाली मुळा-नीळेच्या खोऱ्यातली गावे जाणार म्हणून १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. बापट त्यात पडले, पुनःपुन्हा तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. धरण झाले, पाणी सह्याद्रीतून खाली कोकणात भिऱ्याला सोडले, १९२७ पासून तिथली वीज मुंबईकडे जाऊ लागली. मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना ती वीज हवीच होती, हे कोणी नाकारीत नाही. पण रोमनांसारखे 'आमचा' म्हणावे असे आमच्या तालुक्यात कोणते पाणी आहे? मुळशीचे विजेसाठी खाली कोकणात जाते, वरसगावचे पुण्याच्या नळांना.

जिनोव्हाला बोट लागली त्या दिवशी पोर्तोफिनो पाहायचेच, असा यांचा हट्ट होता. त्याला कारण होते. मोसे खोऱ्यातच, आमच्या तालुक्यातल्या दासव्याला, लवासा नावाचे शहर उभारले गेले. हे नाव त्या खोऱ्यातल्या कोणत्याही गावाचे नव्हे, मुद्दाम घडवलेले. आणि पाण्याकाठची त्याची रंगीत इमारतींची रांग बेतली आहे ती या पोर्तोफिनोवर. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्याने तिथले काम थांबवण्याची नोटीस काढली, वर्षभराने अटींवर मंजुरी दिली, आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हे सारे वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच आहे. यांचे म्हणणे इतकेच, की नक्कल रोज पाहतो, अस्सल एकदा पाहू.

बोटीच्या खर्चिक सहलीने गेले तर उशीर झाल्यास बोट थांबते. आपले आपण गेले तर थांबत नाही. आम्ही आपले आपण गेलो. आगगाडीने सांता मार्गेरिता, तिथून छोट्या लाँचने पोर्तोफिनो. साडेचारला परत बोटीवर पाय ठेवायचा, म्हणून हे दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत होते.

लाँच वळली आणि मी यांचा हात धरला. समोर दासवेच होते! तीच पिवळी, तांबडी, गेरूच्या रंगाची उंच घरे, तीच पाण्याला टेकलेली रांग. जवळ गेल्यावर फरक कळू लागला. इथल्या कितीतरी भिंतींवर दगडी महिरपी आणि खिडक्या नुसत्या रंगवलेल्या आहेत. दगडाचे नक्षीकाम महाग, म्हणून गिलाव्यावरच रंगाने महिरप काढायची, आणि जिथे खिडकी नाही तिथे रंगाची खिडकी काढून भिंतीचा तोल साधायचा, ही त्या किनाऱ्याची जुनी रीत. गंमत अशी, की आमच्याकडे जे आले ते या हौशी काटकसरीचे महागडे रूप. शिवाय हा रंग टिकतो तो तिथला उन्हाळा कोरडा म्हणून. रोमला वर्षाकाठी पाऊस पडतो सुमारे आठशे मिलिमीटर. आमच्या ताम्हिणीला जुलै २०२४ मध्ये एका दिवसात पाचशेच्या वर पडला. त्या पावसात पिवळी भिंत किती दिवस पिवळी राहणार, हे पौडमधला कोणताही गवंडी सांगेल.

पण खरे पोर्तोफिनो म्हणजे कोळ्यांचा सुखी गाव, असे लिहिले तर ते खोटे होईल. कायमची वस्ती आज चारशेच्या आसपास उरली आहे. खालच्या दुकानांत ज्या पिशव्या आहेत त्यांच्या किमती पाहून यांनी पुन्हा घड्याळ पाहिले. फोटो काढणाऱ्यांची दाटी इतकी, की २०२३ साली धक्क्याच्या काही भागात रेंगाळण्यास मनाई करून २७५ युरोंपर्यंत दंड ठेवला गेला. कोळ्याच्या नातवाला तिथे घर घेणे परवडणार नाही. तरी गल्लीत वळल्यावर तिसऱ्या मजल्यावर एक बाई दोरीवर चादर वाळत घालीत होती, आणि खालच्या माणसाशी मोठमोठ्याने भांडत होती. मी तिचा फोटो काढला. चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही बोटीवर होतो. हे घामाने निथळत होते.

घरी आल्यावर आत्याबाईंना फोनवर फोटो दाखवले. रोम, पालेर्मो, बार्सेलोना त्यांनी अंगठ्याने भराभर मागे सारले. धक्क्याचा फोटो आला तेव्हा थांबल्या. "आगं, ह्ये तर आपल्या दासव्याला हाय की! एवढ्या लांब कशाला गेलता?" यांनी समजावून सांगितले, की हे आधीचे, आपल्याकडचे त्यावरून केलेले. त्यांनी चष्मा वर केला आणि चादर वाळत घालणारी बाई पुष्कळ वेळ न्याहाळली.

"हितली मानसं कुटं न्हेली?"

"न्हेली नाहीत, आई. ती तिथंच आहेत. ही त्यातलीच."

"ट्रक न्हाई आला?"

"नाही."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि उठून देवापुढची निरांजन लावायला गेल्या.

यंदा भाऊबिजेला त्या भावाकडे जाणार आहेत, आणि पहिल्यांदाच आम्हा दोघांनाही घेऊन. मामांच्या नव्या घराला ती जुनी चौकट अजून आहे. दिवाळीच्या रंगकामासाठी परवा त्यांचा फोन आला, चौकटीला कोणता रंग द्यावा म्हणून. यांनी उत्साहाने पोर्तोफिनोचा पिवळा सुचवला, फोटोही पाठवतो म्हणाले. आत्याबाईंनी यांच्या हातून फोन घेतला.

"दादा, त्याचं काय ऐकू नगंस. सागवान हाय त्ये. त्येला तेल लाव."